धारेची वेळ

“बाकी काहीही कर, पण म्हशीच्या ओळीला हसायचं नाही,” थोरल्यांनी बजावून ठेवलं होतं.

धाकटे आरशासमोर उभे राहून तीच ओळ म्हणत होते आणि पुन्हा हसले. संध्याकाळी वाचनालयात थोरल्यांची शोकसभा होती. तसा शब्दच दिला-घेतलेला होता. दोघांपैकी जो मागे राहील, त्यानं पुढे गेलेल्याची कविता भरसभेत वाचायची, आणि तोंड सरळ ठेवून वाचायची.

दोघे साडू. थोरले शाळेत मास्तर होते, धाकट्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. खेड्यातल्या मरणावर दोघांनी एकेक कविता लिहिली होती, आणि तेवढ्या भांडवलावर जन्मभर भांडले होते. थोरल्यांच्या कवितेत शेतकरी जातो आणि सगळं जग थबकतं:

धनी निजला मातीत, वारा थांबला दारात,
रडे विहीर, मुकी म्हैस घास घेईना तोंडात.

धाकट्यांच्या कवितेतही शेतकरी जातोच, पण थांबत मात्र काहीच नाही:

धनी गेला, तरी सांज यायची ती आली;
डोळे पूस, ऊठ बाई, धारेची वेळ झाली.

“ही कविता आहे का डेअरीचं वेळापत्रक?” थोरले विचारायचे. “मरणाला काही मान आहे की नाही?”

“तुमच्या त्या मुक्या म्हशीनं काल तुमचाच वाळत घातलेला सदरा खाल्ला,” धाकटे म्हणायचे. “ती तुमच्यासाठी घास सोडणार होय?”

परवा सकाळी थोरले धार काढून आले, चहा टाक म्हणाले, आणि चहाला उकळी फुटायच्या आत देवाघरी गेले. एरवी आंघोळीला जायलासुद्धा तासभर लावणारा माणूस.

धाकट्यांनी गाल आत ओढून ओळ पुन्हा धरली. तेवढ्यात अक्का दारात आल्या. थोरल्यांची बायको, धाकट्यांची थोरली मेहुणी. रडून डोळे सुजलेले, हातात रिकामी बादली.

“भावजी, आरशाला पुरे झाली कविता. जरा गोठ्यात चला. परवापासून म्हैस पान्हा सोडत नाहीये. कास दगडासारखी झालीय. गुरांचे डॉक्टर म्हणतात, आज दूध निघालं नाही तर जनावर हातचं जाईल.”

“मी काय करणार अक्का? मला मनगटावरचं घड्याळ कळतं, म्हैस नाही.”

“धार मी काढते. तुम्ही फक्त कविता म्हणा. हे धार काढताना रोज काहीतरी गुणगुणायचे. त्या तालाशिवाय ही पान्हा सोडतच नाही.”

“कोणती कविता?”

“मला काय ठाऊक! घरात दिवसभर ऐकायचीच. गोठ्यात गेले की तेवढीच माझ्या कानांना सुट्टी. आणि तुम्हा दोघांच्या कविता मला सारख्याच. दोन्हींत माणूस मरतो.”

मग कोणती ते उघडच होतं. थोरले स्वतःची सोडून दुसऱ्या कुणाची म्हणणार? धाकट्यांनी खुंटीवरचा थोरल्यांचा गोठ्यातला कोट चढवला. बाह्या बोटांच्या खाली आल्या. म्हशीच्या डोक्यापाशी उभं राहून त्यांनी घसा साफ केला आणि ‘धनी निजला मातीत’ सुरू केलं.

म्हशीनं शेपटी फिरवून अक्कांच्या तोंडावर मारली.

“जरा जीव ओतून म्हणा हो!”

धाकट्यांनी जीव ओतला. वारा थांबवला, विहीर रडवली. मुक्या म्हशीची ओळ तर खुद्द म्हशीच्या डोळ्यांत बघून म्हटली. म्हशीनं लाथ घातली. बादली घरंगळत दारापर्यंत गेली.

“बघा,” धाकटे पुटपुटले, “तिलासुद्धा पटत नाही.”

पण अक्का हसल्या नाहीत. त्या म्हशीच्या पोटाला कपाळ टेकून तशाच बसल्या. खांदे हलत होते. धाकट्यांना काय बोलावं ते सुचेना. आणि काही सुचेनासं झालं की त्यांच्या ओठावर आपोआप जे यायचं तेच आलं, तेही अगदी हळू, उगाच आपलं:

“डोळे पूस, ऊठ बाई, धारेची वेळ झाली…”

म्हशीचे कान सैल पडले. तिनं एक लांब श्वास सोडला. अक्कांनी चमकून कासेला हात लावला, पदरानं डोळे पुसले आणि धावत जाऊन बादली आणली.

चर्र… चर्र…

“हीच!” अक्का म्हणाल्या. “थांबू नका, म्हणत राहा! रोज हीच म्हणायचे. भिंतीआडून हाच ताल यायचा. यांनी केलेल्यांतली ही त्यातल्या त्यात बरी आहे, नाही?”

धाकट्यांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि कविता पुढे चालू ठेवली. बादली भरेपर्यंत ते तेवढंच म्हणत राहिले.

जन्मभर हवा होता तो पुरावा आता हातात होता, फेसाळलेला, काठोकाठ. शोकसभेत नुसतं सांगितलं असतं तरी भांडणाचा निकाल लागला असता. धाकट्यांना ते सुचलंही. कोटाची बाही सावरत, सभेत हे कसं सांगायचं याची वाक्यं जुळवत ते गव्हाणीवरून पुढे जाऊ लागले, आणि तिथेच थांबले.

गव्हाणीत परवाची वैरण होती. काडीही हललेली नव्हती.

धाकट्यांनी थोरल्यांच्या कवितेचा कागद नीट घडी करून खिशात ठेवला. म्हशीच्या पाठीवरून एकदा हात फिरवला. मग ती ओळ मनाशी म्हणत, अजिबात न हसता, ते वाचनालयाच्या वाटेला लागले.