भाऊबीजेची वाटावाटी

"अनुसयाच्या तोंडात मी सारखी शेव कोंबत राह्यते," मंदाबाई हळूच म्हणाली. "तोंड रिकामं राह्यलं का ते बोलते. तुमी फिकर करू नका, भाऊजी."

दौलतरावांनी मान हलवली. अनुसयाबाईच्या पोटात काही राहत नाही, हे अल्लीपूरच्या त्या गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आणि आज एक गोष्ट सगळ्यांनाच पोटात ठेवायची होती.

त्यांच्या बायकोचा, अन्नपूर्णाबाईचा, भाऊ नत्थू वारला होता.

सावंगीहून निरोप आला तेव्हा दौलतराव वावरात होते. ते तसेच मोटारीनं गेले. बायकोला सांगून पाठवलं, नत्थूले ताप हाये, पाहून येतो. नत्थू एकटाच होता, ना बायको ना लेकरू. अग्नी दौलतरावांनीच दिला.

धनतेरसेला सकाळी ते परत आले. घरात न जाता विहिरीवरच अंघोळीला बसले. रस्त्यानं लय धूळ लागली, म्हणाले. अन्नपूर्णाबाईनं कोरडं धोतर आणून दिलं.

"ताप उतरला त्याचा," तिनं विचारायच्या आधीच ते म्हणाले. "पण अशक्त हाये. भाऊबीजेले येणं होते का नाई, सांगता येत नाई."

"आराम करू द्या त्याले," ती म्हणाली आणि चूल पेटवायला आत गेली.

आई गेली तेव्हा नत्थू रांगत होता. अन्नपूर्णाबाईनंच त्याला कडेवर वाढवला. ती अख्खं वर्ष भाऊबीजेची वाट पाहायची, त्यामुळं दौलतरावांनी गल्लीत सगळ्यांना हात जोडले होते. "पुढं तर जलमभर रडायचंच हाये तिले. एवढी एक दिवाळी होऊ द्या. भाऊबीज झाली का मी सांगतो."

भाऊबीजेच्या दुपारी गल्लीची वाटावाटी व्हायची, तीही अन्नपूर्णाबाईच्याच ओसरीवर. प्रत्येकीनं आपल्या फराळाची परात आणायची, दुसरीच्या परातीत घालायचं, दुसरीचं आपल्यात घ्यायचं. घरी जाताना प्रत्येकीच्या परातीत सगळ्या गल्लीची दिवाळी.

यंदा अन्नपूर्णाबाईनं स्वतः कढई चढवली नव्हती. "खांदा धरला व माहा," असं मंदाबाईला म्हणाली होती. "पीठ मी मळून देते. तळण तुह्या चुलीवर कर." मंदाबाईनं लगेच हो म्हटलं होतं. तेवढंच आपल्या हातून.

बायका जमल्या. परातींचा आवाज सुरू झाला. भिंतीतल्या कोनाड्यात ओवाळणीचं ताट भरून ठेवलेलं होतं. कुंकू, सुपारी, निरांजन, तेलात भिजवलेली वात. मंदाबाईनं ते पाहिलं आणि नजर फिरवली. एवढं सांगूनही बिचारी वाट पाहूनच राह्यली.

"मंदे," अनुसयाबाई हसून म्हणाली, "तुहा भाऊ आज वेळेवर निघते का ढगात लपते?"

बायका हसल्या. मंदाबाईला भाऊ नव्हता. भाऊ नसलेली बाई भाऊबीजेला चंद्राला ओवाळते, तशी तीही दरवर्षी घरामागं जाऊन बीजेच्या चंद्राला ओवाळायची.

"माहा भाऊ कदी खाडा करत नाई," मंदाबाई म्हणाली. "तुह्या भावासारखा तीन वर्साची ओवाळणी बुडवत नाई."

"हे बाकी खरं. नाईतर नत्थू पाहा, दरसाल..."

मंदाबाईनं तिच्या तोंडात अख्खी चकली कोंबली. अनुसयाबाईला ठसका लागला. डोळ्यांत पाणी आलं, आणि ते काही चकलीनं आलेलं नव्हतं. ते थांबेचना.

परातींवरचे हात थांबले. दौलतराव दारात उभे होते, त्यांनी खांब धरला.

अन्नपूर्णाबाई उठली, तांब्याभर पाणी घेऊन आली. अनुसयाबाईच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "मंदाचा हात मिरचीले सैलच हाये. पी, माय. घोट घोट पी."

चकलीत मिरची नावालाच होती. पण मंदाबाई म्हणाली, "हो व, चुकलंच माहं," आणि पराती पुन्हा वाजू लागल्या.

मग अन्नपूर्णाबाईनं आतून पितळी डबा आणला. तिळगुळाच्या करंज्या. त्या डब्याला एरवी कोणी हात लावत नसे, तो नत्थूचा असे.

"घ्या. समद्याजणी घ्या. ठेवून नरमच पडतीन."

"तू खाय ना एक," मंदाबाई म्हणाली.

"खाते मागून." तिनं दोन करंज्या ताटलीत घेतल्या आणि दारात जाऊन दौलतरावांपुढं धरल्या. "तुमी खा. धनतेरसेपासून धड जेवले नाई तुमी. माह्यासमोर खा."

त्यांनी खाल्ल्या. ती शेवटच्या घासापर्यंत उभी राहिली. मग अंगणात जाऊन मावळतीकडं पाहून आली. दुपारपासून तिच्या अशा चार-पाच चकरा झाल्या होत्या. मोटारीचा थांबा तिकडंच होता, त्यामुळं बायका दर वेळी एकमेकींकडं पाहत आणि परातीत डोळे घालत.

उन्हं उतरली. बायका परात डोक्यावर घेऊन निघाल्या. जाताना अनुसयाबाईनं अन्नपूर्णाबाईला उगाचच मिठी मारली.

"येजो उद्या," अन्नपूर्णाबाई म्हणाली. "उद्या बोलू पोटभर."

दौलतराव ओसरीच्या पायरीवर बसले. दिवस निभावला होता. आता दिवेलागण झाली की तिला जवळ बसवून सांगायचं. कसं सांगायचं, त्याचे शब्द ते मनात जुळवत होते.

मंदाबाई आपलं ताट घेऊन घरामागच्या मोकळ्या जागेत गेली. पळसाच्या वर चंद्राची बारीक कोर दिसत होती, लवकरच मावळणार होती. तिनं पदराआड वात पेटवली. ताट उचललं, तेवढ्यात मागं बांगड्या वाजल्या.

अन्नपूर्णाबाई होती. हातात कोनाड्यातलं ताट, निरांजन पेटलेलं.

"जरा सरक, मंदा," ती म्हणाली. "मलेही ओवाळू दे."