सहावा फाउल

गिरिजाची शिट्टी वाजली आणि त्याच क्षणी तिला कळलं, आपण फसलो.

ब्रेट जमिनीवर आडवा पडला होता. बास्केटकडे मुसंडी मारताना तो ओटिसच्या समोर आला, मान झटकली, किंकाळी फोडली आणि पाठीवर पडून घसरत गेला. पण ओटिसचे दोन्ही हात सरळ वर होते. दोघांच्या मधून वारा जाईल एवढी फट होती. ती फट गिरिजाच्या डोक्यात शिरेपर्यंत शिट्टी वाजून गेली होती. ब्रेट टुणकन उठला आणि आपल्या साथीदाराकडे बघून त्याने हळूच डोळा मारला.

शिकागोजवळच्या गावांमधली ती बास्केटबॉलची छोटी व्यावसायिक लीग. पैसे घेऊन खेळणारे खेळाडू, पण टीव्हीवर कधी न दिसणारे. झालेलं पुन्हा बघायला इथे कॅमेरे नव्हते. दुसरा पंच पलीकडच्या टोकाला होता; त्याने खांदे उडवले. त्याला काहीच दिसलं नव्हतं. गुण नोंदवणाऱ्यांच्या टेबलावरून खूण झाली, ओटिसचा सहावा फाउल. सहाव्या फाउलला खेळाडू बाहेर.

आणि हा ओटिसचा शेवटचा सामना होता. त्याला निरोप द्यायलाच तर सगळं गाव रविवारची दुपार सोडून बर्फातून इथे आलं होतं.

लोक खवळले. "आंधळी आहे का ही?" कुणीतरी ओरडलं. पॉपकॉर्नचा एक पुडा तिच्या पायाशी येऊन फुटला. तिसऱ्या रांगेत बसलेला तिचा नवरा, कुमार, अर्धवट उठून उभा राहिला होता.

ओटिस चेंडू घेऊन तिच्याकडे चालत आला. पावणेसात फुटांचा माणूस. आता हा ओरडणार, आणि त्याला तो हक्क आहे, असं तिला वाटलं. त्याने चेंडू तिच्या हातात दिला.

"मी त्याला शिवलोसुद्धा नाही," तो हळू आवाजात म्हणाला.

"माहीत आहे मला." तिच्या तोंडून निघून गेलं. पंचाने असं बोलायचं नसतं.

 ओटिस म्हणाला, "मग आता ते मनातून काढून टाक. माझी भरपाई करायला जाऊ नकोस. पुढे जे दिसेल, तेच दे."

तो लोकांकडे वळला. दोन्ही तळवे खाली करून त्याने सगळ्यांना शांत व्हायची खूण केली आणि हॉल शांत होईपर्यंत तसाच उभा राहिला. मग लंगडत बाकावर जाऊन बसला.

 गिरिजाच्या चुकांवर ओरडणारे तिला खूप भेटले होते. चूक स्वतःच्या अंगावर झेलून तिला सांभाळून घेणारा हा पहिलाच.

खेळ पुढे सुरू झाला. शेवटचे काही सेकंद उरले तेव्हा ओटिसचा संघ एका गुणाने पुढे होता. ब्रेट पुन्हा बास्केटकडे घुसला. तो पडणार हे सगळ्यांना माहीत होतं, आणि तो पडला.

पण या वेळी समोरच्या पोराचं कोपर त्याच्या बरगडीत बसलं होतं. गिरिजा दोन पावलांवर होती. ब्रेट या वेळी ओरडला नाही. त्याला श्वासच घेता येत नव्हता.

"नाटक! नाटक!" अख्खा हॉल उभा राहून ओरडत होता.

शिट्टी तोंडात होती. नुसतं गप्प राहिलं असतं तरी भागलं असतं. दुपारभर खोटंखोटं पडत आलेल्या माणसाची बाजू कोण घेणार होतं? आणि ओटिस शेवटचा सामना जिंकून घरी गेला असता.

तिने शिट्टी फुंकली.

खुद्द ब्रेट तिच्याकडे बघतच राहिला. फाउलबद्दल मिळालेले दोन्ही फ्री थ्रो त्याने बास्केटमध्ये टाकले, दोन गुण. ओटिसचा संघ एका गुणाने हरला. त्यांचा कोच लालबुंद होऊन गिरिजाच्या अंगावर धावून आला. ओटिसने त्याला कमरेला मिठी घालून मागे ओढलं.

बाहेर पार्किंगमध्ये बर्फाचा चिखल झाला होता. कुमार तिची बॅग घेऊन घाईने चालत होता.

"लवकर चल यार, लोक जाम चिडलेत. अगं, पण तो शेवटचा फाउल खरंच होता?"

"होता."

"आणि ओटिसचा?"

"नव्हता."



पार्किंगच्या कोपऱ्यात एक जुनी गाडी बर्फात रुतली होती. चाकं जागच्या जागी फिरत होती. आत ओटिस होता. गिरिजा थेट त्याच्या खिडकीपाशी गेली. त्याने काच खाली केली.

"थँक यू," ती म्हणाली. आणखी बरंच बोलायचं होतं, पण तेवढंच आलं.

"कशाबद्दल? मी तर हरलो."

"तुम्ही बोलला नसता, तर ती शेवटची शिट्टी मी वाजवली नसती."

ओटिसने स्टिअरिंगवर बोटं वाजवली. "दिसलं होतं मला बाकावरून. चांगलंच लागलं त्याला." मग मागे बोट दाखवून म्हणाला, "आता आलीच आहेस, तर जरा हात लाव."

गिरिजाने आणि कुमारने डिकीला हात टेकले आणि सगळा जोर लावला. गाडी हिसका देऊन सुटली. चिखलाचा फवारा दोघांच्या अंगावर आला. थोडं पुढे जाऊन ओटिसने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"ए रेफरी! मागून ढकललंत, तेही दोघांनी! हा मात्र फाउल!"

चिखलाने माखलेली गिरिजा खळखळून हसली. मग सामन्यात फाउल देताना करायची तशी तिने मूठ आभाळाकडे उंच केली आणि गाडी वळून दिसेनाशी होईपर्यंत ती खाली घेतली नाही.