सैल खिळा

डोंगरातल्या लढाईत पाय घसरू नये म्हणून ग्रीसच्या एव्झोन पहारेकरी सैनिकांच्या जोड्यांना ठोकलेले खिळे आता अथेन्सच्या स्मारकापुढे, पहारा बदलताना नुसते वाजतात. आंधळी फोतिनी दर रविवारी त्या आवाजावरून आपला मुलगा लूकास ओळखायची. त्याच्या डाव्या जोड्यातला एक खिळा सैल होता. पहारेकऱ्याने बोलायचं नाही, म्हणून तीच बोलायची, "जेवलास का रे, मुक्या?"

लूकास अपघातात गेला. आईचं हृदय कमजोर, म्हणून घरच्यांनी तिला कळू दिलं नाही. तिचा रविवार सुना जाऊ नये म्हणून त्याचा पहाऱ्यावरचा जोडीदार स्तामातिस, बोटं सोलवटली तरी, लूकासचेच जोडे चढवू लागला.

तिसऱ्या रविवारी म्हातारी त्याच्या अगदी जवळ आली.



"लंगडतोयस रे बाळा. माझ्या लूकासचे जोडे तुला घट्ट होतात. काढ ते आता."