डावी बाजू

"हिची डावी बाजू बिघडलीय," म्हणत गजाननरावांनी दुर्बीण काउंटरवर परत ठेवली.

निवृत्तीनंतर रोज सकाळी टेकडीवर पक्षी बघायला जायचं, म्हणून खिशात मावेल अशी दुर्बीण घ्यायला ते बायकोबरोबर आले होते. दुकानदाराने दुसरी दिली. ती डोळ्यांना लावून त्यांनी रस्त्यापलीकडच्या पिंपळाकडे पाहिलं.

"हीसुद्धा तशीच. डावीकडे नुसता काळोख."

तिसरीही तशीच निघाली, तेव्हा ते चिडलेच. "काका, आजच खोकी फोडलीत," दुकानदार बिचारा म्हणाला.

मंदाकिनीबाईंनी तिन्ही दुर्बिणी एकेक करून स्वतःच्या डोळ्यांना लावल्या. पिंपळाचं पान न् पान दोन्ही बाजूंनी लख्ख दिसत होतं. त्यांना एकदम आठवलं, गेले काही महिने हे चालताना डाव्या खांद्याने दाराच्या चौकटीला धडकत होते, आणि दोघंही वयाला बोल लावून मोकळी होत होती.

त्यांनी नवऱ्याच्या उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला.

"अहो, मी दिसते का?"

गजाननराव क्षणभर घुटमळले. मग हसून म्हणाले, "दिसतेस की! न दिसायला काय झालं?"

"काय करतेय मी?"

"काय करणार? माझी गंमत बघत हसतेयस."

मंदाकिनीबाईंनी तळहात तसाच ठेवला. गजाननरावांनी चाचपडत हात पुढे केला. बोटांना तिचा ओला गाल लागला, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं.