सगळ्यात स्वस्त खेळाडू

"तो वॉट्सन काढून टाक आधी," काझ म्हणाला. "नुसती जागा अडवून बसलाय मेला."

बर्नाडीनने कार्डांवरची नजर उचलली नाही. "आणि त्याच्या जागी कोण घेऊ? पगाराची मर्यादा संपत आलीय माझी. उरलेल्या पैशांत दुसरं कोण येतंय? तू येतोस?"

"मी महाग पडेन तुला," काझ म्हणाला आणि बटाट्याचं सारण भरलेली दोन पिएरोगी एकदम ताटात ओढून घेतली.

अमेरिकेतल्या स्क्रॅन्टन या खाणींच्या गावी, चर्चच्या तळघरात दर हिवाळ्यात बेसबॉलचे संघ उभे राहत, तेही कधीच निवृत्त झालेल्या किंवा वारलेल्या खेळाडूंचे. एका खेळाडूच्या एका हंगामाचं एक कार्ड. त्यावर फोटो नाही, नुसते आकडे. आकडे जितके चांगले, तितका त्याचा पगार जास्त. संघाच्या एकूण पगाराला मर्यादा, आणि संघाला काहीतरी विषय हवा. बाकी सगळं फाशांवर.

काझचा संघ खाणकामगारांच्या मुलांचा होता. चांगला दणकट संघ, चार वेळा जिंकलेला. बर्नाडीनचा संघ तिच्या नवऱ्याचा, क्लेमचा. मोठ्या लीगमध्ये एकच हंगाम टिकलेले, मग घरी परतलेले खेळाडू त्याने वेचून काढले होते. त्यात पोलिश पोरं बरीच. पण त्या काळचे वर्तमानपत्रवाले त्यांची आडनावं छाटून सोपी करत, त्यामुळे कार्डांवर सगळे मिलर नि किंग. क्लेमला त्याचा फार राग यायचा.

वीस वर्षं खेळूनही क्लेमचं नाव भिंतीवरच्या विजेत्यांच्या लाकडी ढालीवर कधी लागलं नाही. मागच्या वसंतात तो गेला. बर्नाडीनला तोवर खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. या हिवाळ्यात ती शिकली, चुकली, लोकांची बोलणी खाल्ली, आणि आज अंतिम सामन्याला बसली होती. तिला ते नाव ढालीवर बघायचं होतं, बस्स.

"मी क्लेमला पण सांगायचो," काझचं चालूच होतं. "हा वॉट्सन तीन वेळा बॅट घेऊन उतरला, तिन्ही वेळा बाद. असला खेळाडू कुणी ठेवतं का?"

"मी पण विचारलं होतं त्याला. म्हणाला, एक दिवस लागेल त्याचा फटका."

"लागतोय! पहिल्या दोन वेळा नुसती हवा झोडली त्याने." काझ चावता चावता थांबला. "तिसरा मात्र कडक होता. शॉर्टस्टॉपला उभ्या असलेल्या पोराने उडी मारून झेल धरला, नाहीतर गेलाच होता."

"एवढं बरं लक्षात तुझ्या?"

"रेडिओ होता ना घरोघरी," काझ म्हणाला. "चल, खेळायचंय का नुसतं खात बसायचंय?"

"खातंय कोण?" बर्नाडीन म्हणाली. वॉट्सन संघात राहिला.

सामना चुरशीचा झाला. शाळामास्तर म्हणून निवृत्त झालेला लेनर्ड फळ्यावर धावा लिहीत होता. नवव्या, म्हणजे शेवटच्या डावात काझ चार, बर्नाडीन तीन. तिचे दोन खेळाडू धाव पुरी करायच्या वाटेवर, बेसवर; दोन बाद, तिसरा बाद झाला की खेळ खलास. फलंदाजीला तिच्या पिचरची, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याची, पाळी आली, आणि त्याला बॅट धरता येत नव्हती. बदली द्यायला बाकावर एकच कार्ड उरलं होतं.

"वॉट्सन," ती म्हणाली आणि कार्ड पुढे ठेवलं.

सगळे हसले. काझ हसला नाही.

"डावखुरा आहे," लेनर्ड म्हणाला. "काझ, तुझा पिचर दमलाय. डावखुऱ्यांचा कर्दनकाळ बसलाय तुझ्या बाकावर. बदलायचा?"

काझने आपल्या कार्डांकडे पाहिलं. "वॉट्सनसाठी पिचर बदलू? लोक तोंडात शेण घालतील माझ्या. राहू दे."

पांढरा फासा एक ते तीन पडला तर फलंदाजाचं कार्ड बघायचं, चार ते सहा पडला तर पिचरचं. वॉट्सनच्या कार्डावर नावालाही फटका नव्हता. जी काही आशा होती, ती काझच्या दमलेल्या पिचरच्या कार्डावर.

बर्नाडीनने फासे काझपुढे सरकवले. शेवटच्या फलंदाजाचे फासे समोरच्याने टाकायचे, ही क्लेमनेच पाडलेली पद्धत. म्हणजे मागाहून कुणी कुरकुर करायला नको.

काझने फासे डाव्या हातात घेतले. इतका वेळ खुळखुळवले की लेनर्ड वैतागला. "अरे टाक बाबा, अंडी उबवतोयस का?"

त्याने टाकले. पांढरा फासा पाचावर थांबला. लेनर्डने चष्मा वर केला, पिचरच्या कार्डावर बोट फिरवलं, आणि पुन्हा एकदा फिरवलं.

"दोन बेसचा फटका," तो म्हणाला. "दोघं आले घरी. पाच-चार. बर्नी, जिंकलीस गं!"

तळघर दणाणलं. बर्नाडीन रडत होती, हसत होती, कुणाकुणाच्या गळ्यात पडत होती. लेनर्ड ढाल उतरवायला खुर्चीवर चढला. तेव्हा कुठे तिचं काझकडे लक्ष गेलं. तो मान खाली घालून बसला होता आणि त्याचे खांदे हलत होते. तिला वाईट वाटलं.

"एवढं लागलं होय रे हरल्याचं? पुढच्या वर्षी जिंकशील."

"ते कार्ड दे जरा."

"फाडणार असशील तर नाही देणार."

"नाही फाडत, बाई. दे."

तिने वॉट्सनचं कार्ड त्याच्या हातात ठेवलं. त्याने ते दिव्याखाली धरून पाहिलं.

"दर वर्षी सांगायचा मला क्लेम," तो म्हणाला. "एक दिवस लागेल रे, काझ. आणि मी त्याला शिव्या घालायचो."

मग त्याने लेनर्डकडून पेन मागून घेतलं, आणि कार्डाच्या कोपऱ्यात, डाव्या हाताने, सावकाश आपली जुनी सही केली: चार्ली वॉट्सन.