म्हाळसाआजीचा एजंट

ब्याण्णव साली मेंढरं विकून म्हाळसाआजी बारामतीत घर घ्यायला आली, ती घोडीला संगं घेऊनच. जन्मभर रानोरान फिरताना घोडी जिथलं पाणी प्यायली, तिथंच आजीचं बिऱ्हाड उतरलं होतं.

दलाल हसला. “आजी, घर तुमी घेताय का घोडी?”

“तू मालकाचा एजंट, ही माझी. हौद दाव तिला.”

“अवो, अमृतावानी पाणी हाय!”

घोडीनं हौदाला नाक लावलं, फुरफुरली आणि रस्त्याला लागली. आजीनं चूळ भरून बघितली, तर नुसतं मीठ! दोन गल्ल्या पलीकडच्या दुसऱ्या विकाऊ घरी मात्र घोडी हौद अर्धा करूनच थांबली. आजीनं तेच घर घेतलं.

महिन्याभरानं दलाल दारात उभा.



“आजी, येक दिस घोडी द्या की. मला सोतासाठी घर बघायचंय.”