गच्चीवरची ओल

त्या सालच्या वैशाखात वाटूरला पहाटेसुद्धा भिंती तापलेल्या असायच्या. सगुणाबाईंच्या सुनेला, नंदाला, अठरा दिवस झोप नव्हती.

"उन्हाळा दरवर्षीच येतो, आजी. काळजी हिच्या मनात आहे," असं डॉक्टरांनी आज सांगितलं.

"मंग एक रात आमच्या घरी निजून बघा, साहेब," सगुणाबाईंनी तिथंच सुनावलं. त्यांच्या तरुणपणी वैशाखातही पहाटे गोधडी ओढावी लागायची.

संध्याकाळी अंथरुणं टाकायच्या आधी त्यांनी रागारागानं गच्चीवर पाणी मारलं. गच्ची लगेच सुकली. कठड्यापाशी मात्र आजही तेवढीच ओल उरली. गुडघे पोटाशी घेऊन निजलेल्या बाईसारखी.

"आत्याबाई, इथं गार हाय," म्हणत नंदा त्या ओलीवर आडवी झाली. हात, गुडघे, वेणीसुद्धा त्यात बरोबर बसली. तिचे डोळे मिटले.

अठरा दिवसांनी झोपलेल्या लेकराला उठवायचं कसं? तरी सगुणाबाईंनी तिला हलवलं. मग गदागदा हलवलं. नंदा उठली नाही.

शेजारच्या गच्चीवर उषाबाई रिकामी बादली ठेवून आपल्या चौघा पोरांना हाका मारत होती.

"या रे, इथं गार हाय."

तिथं चार जागा ओल्या होत्या.